कृषी केंद्रातल्या भाऊंना, दोन नळ्यांबद्दल

भाऊ, नमस्कार.

बाबांसोबत युरिया न्यायला आले त्या दिवशी झड लागली होती, आठवते? ऑगस्ट होता, पऱ्हाटीला डोस द्यायचा होता आणि पाऊस काही उघडेना. माझ्या हातात अकरावीच्या चाचणीचा पेपर. दहावीपर्यंत सगळं मराठीत, अकरावीत एकदम इंग्रजी. डायनॅमिक इक्विलिब्रियमची, म्हणजे अभिक्रियेतल्या गतिक समतोलाची, व्याख्या तोंडपाठ होती, तरी मी लिहून आले होते, 'दोन्ही बाजूंचे पदार्थ सारखे झाले की अभिक्रिया थांबते.' शून्य. क्लासमध्ये विचारलं, तर पुन्हा तीच व्याख्या लिहून दिली.

तुम्ही केमिस्ट्रीचे बीएस्सी, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. "पाठ कशाले करतं व?" म्हणत तुम्ही ठिबकच्या नळीचे दोन वीतभर तुकडे कापले, एक १६ एमएमचा, एक १२ चा. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांचे गळे कापले. भरलेली तुमची, रिकामी माझी. नळी तळापर्यंत बुडवायची, वरून अंगठा दाबायचा, आत आलेलं पाणी दुसऱ्या बाटलीत सोडायचं. जाड नळी तुमच्याकडे, बारीक माझ्याकडे. तुम्ही इकडून तिकडे, मी तिकडून इकडे.

दोन्ही बाटल्यांत पाणी सारखं झालं तेव्हा मी हात आवरला. तुम्ही आवरू दिला नाही. आणि खरंच, माझी बाटली अजून भरतच होती! चाळीसेक फेऱ्या झाल्यावर माझ्याकडचं पाणी तुमच्या दुपटीच्या आसपास जाऊन थबकलं. हात चालूच.

"आता सांग, पाणी ठयरलं का आपुन ठयरलो?"

त्या एका प्रश्नावर मला सगळं दिसलं. पाणी म्हणजे पदार्थ, आपले हात म्हणजे सुलट आणि उलट अभिक्रिया. सारखा होतो तो वेग, पदार्थांचं प्रमाण नाही. मग तुम्ही एका बाटलीत पेलाभर पाणी ओतलंत. पातळ्या हलल्या, पुन्हा स्थिरावल्या, गुणोत्तर मात्र तेच. समतोल स्थिरांक म्हणजे हाच, हे तेव्हा अंगठा सुरकुतलेला असताना कळलं. उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, आला तर? दोघांचेही हात भराभर चालतील, पातळी तीच, फक्त लवकर येईल. तापमान? "नळीच बदलली समज." म्हणजे गुणोत्तरही बदललं.

नंतर ज्या पोत्यावर बसला होतात त्यावरच थाप मारलीत. त्या ४५ किलो युरियासाठी आधी नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करावा लागतो. ही अभिक्रिया उष्णता सोडते, म्हणून थंडीत अमोनिया जास्त मिळावा. पण थंडीत ती इतकी रेंगाळते की कारखान्याला परवडत नाही. म्हणून ४५० अंशांच्या आसपास तापमान, वातावरणाच्या २०० पट दाब आणि सोबतीला लोखंडाचा उत्प्रेरक. दाब का, तर चार रेणूंचे दोनच होतात आणि दाबाखाली कल कमी रेणूंकडे असतो. तयार अमोनिया काढत राहायचा, उरलेले वायू पुन्हा आत सोडायचे. बाबाही ऐकत होते. घरी जाताना म्हणाले, "म्हंजे हवेचंच पोतं घेऊन चाललो आपन."

वार्षिक परीक्षेत हाच प्रश्न आला, मी नळ्यांची आकृती काढली. पूर्ण गुण मिळाले.

आता मीही बीएस्सीलाच आहे, केमिस्ट्रीच घेतली. दिवाळीत गावी येते. त्या दिवशी गप्पांच्या नादात बाबांच्या एका पोत्याचे पैसे द्यायचे राहिले होते, तेवढा हिशेब काढून ठेवा. आणि नळीचेही लावा.

तुमची,
बारीक नळीवाली