विषय: ‘फोनो’ लिहिलेल्या सॉकेटमागे फोनो स्टेजच नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या माणसाने माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला, म्हणून लेखी देतो आहे.

तुमचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर मी घेतला तोच मागच्या ‘फोनो’ सॉकेटसाठी, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल थेट जोडता यावं म्हणून. त्याला टर्नटेबल जोडलं, की आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवूनही भीमसेनजी शेजारच्या घरात गात असल्यासारखे वाटतात. तबल्याचा डग्गा तर गायबच. बटण तसंच राहिलं आणि नातवानं सिलेक्टर सीडीवर फिरवला, तेव्हा स्पीकर फाटता फाटता वाचले.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. टर्नटेबलच्या सुईला जोडलेल्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट निघतात. ते शंभरेक पट वाढवायचे आणि रेकॉर्ड कापताना मुद्दाम कमी केलेला खर्ज आरआयएए या ठरलेल्या प्रमाण वक्रानुसार भरून काढायचा, हे काम फोनो स्टेजचं. त्या सॉकेटला मी सीडी प्लेअर लावून पाहिला. आत खरी स्टेज असती तर आवाज फाटला असता, खर्ज घुमला असता. सीडी स्वच्छ वाजली! म्हणजे तुम्ही साध्या ऑक्सवर, सीडीसारख्या आधीच जोरकस सिग्नलसाठी असतो त्या सॉकेटवर, ‘फोनो’ छापून विकलंत. हेच टर्नटेबल मित्राच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर खोली भरून वाजतं.

हे सगळं सांगितल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “काका, आवाज वाढवून बघा.” पूर्ण वाढवलाय म्हटलं. “मग रेकॉर्ड जुनी असेल.” नवी कोरी रेकॉर्डही तशीच वाजते म्हटलं. “मोठे स्पीकर घ्या, सध्या ऑफर आहे.” अहो, त्याच स्पीकरवर सीडी दणदणीत वाजते! त्यावर जरा थांबून, “काका, कान तपासून घेतलेत का?” मागे कुणीतरी हसलं. ते मला फोनवरून स्पष्ट ऐकू आलं.

वडिलांपासून आमच्या घरात तुमचाच माल येत होता. आता येणार नाही. ऑक्सवर ‘फोनो’ छापणं ही फसवणूक आहे.

पंधरा दिवसांत चालणारी फोनो स्टेज तुमच्या खर्चानं द्या, नाहीतर ॲम्प्लिफायर घरून उचलून न्या आणि पूर्ण रक्कम परत करा. अन्यथा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. बिलाची प्रत आणि सॉकेटचा फोटो सोबत जोडला आहे.

उत्तर लेखी हवं. आवाज वाढवून बघा, हे सांगायला पुन्हा फोन करू नका.

आपला,
एक ग्राहक