वाणाच्या हर्बल चहा संचातील सदोष मालाबद्दल तक्रार

पुणे, दि. ५ जानेवारी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बुरशी धरलेला गवती चहा, चुकीची दालचिनी व सदोष कृतिपत्रक, माल बदलून मिळणेबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून घरी केलेल्या हर्बल चहाची पाकिटे द्यावीत, यासाठी आपला २५ पाकिटांचा संच मागवला होता. त्यात गवती चहा ४०० ग्रॅम, तुळस २५०, सुंठ १५०, दालचिनी १००, ज्येष्ठमध ५० आणि वेलची ५०, असा १ किलो माल आला. वजन बरोबर भरले. तक्रार मालाबद्दल आहे.

गवती चहा नीट वाळलेला नाही. वाळलेली पात वाकवली की कटकन मोडते. ही दोरीसारखी वळते. पातीचे टोक लवकर सुकते, पण बुडाकडचा पांढरा जाड भाग आतून ओला राहतो. तो उभा चिरून वेगळा वाळवावा लागतो. आपल्या पिशवीत हे बुडखे अख्खेच आहेत आणि राखाडी बुरशी नेमकी त्यांच्या पदरांत धरली आहे. मूठभर पाती काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवल्या, तर दुसऱ्या दिवशी बरणीला आतून पाणी सुटले होते. हाच गवती चहा मिसळला असता तर कुरकुरीत तुळशीने ओल ओढून घेतली असती आणि किलोभर माल वाया गेला असता.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर ‘उन्हात टाका, ठीक होईल’ असा सल्ला दिला. नुसती ओल असती तर सावलीत, वाऱ्यावर पसरून भागले असते. (उन्हात तरीही नाहीच, वास उडतो.) बुरशी उन्हाने दिसेनाशी होईल, पण काही बुरशींचे विष चहा उकळूनही जात नाही. असे पाकीट कोणाच्या ओटीत घालायचे?

दालचिनीच्या पुडीवर ‘सिलोन’ छापले आहे. आत कॅशिया, म्हणजे जाड सालीची दुसऱ्या जातीची दालचिनी आहे. सिलोन दालचिनीच्या नळीत कागदासारख्या पातळ सालींचे पदर एकात एक गुंडाळलेले असतात आणि ती बोटांनी चुरडते. आलेली साल जाड, एकपदरी आहे. फोडायला खलबत्ता लागतो. कॅशियात कुमारीन हे नैसर्गिक द्रव्य बरेच जास्त असते आणि ते रोज जास्त पोटात गेल्यास यकृताला बाधू शकते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम धरली आहे. दोन ग्रॅम मिश्रणाच्या एका कपात दालचिनी ०.२ ग्रॅमच जाते, तेव्हा घबराटीचे कारण नाही. पण सिलोनचा भाव लावून कॅशिया देणे ही सरळ फसवणूक आहे.

सुंठ वस्त्रगाळ पूड करून दिली आहे. पानांच्या मिश्रणात पूड टिकत नाही, पाकिटाच्या तळाशी बसते. पहिले कप फिके आणि शेवटचे घशाला झोंबणारे होतात, शिवाय गाळणीतून गाळ उतरतो. सुंठ तीन ते पाच मिलिमीटरच्या तुकड्यांत, साधारण तुळशीच्या चुऱ्याएवढीच हवी.

त्यात कृतिपत्रकावर सगळी मापे चमच्यांत आहेत. चहाच्या चमच्यात सुंठीची पूड दोनेक ग्रॅम बसते, वाळली तुळस जेमतेम एक ग्रॅम. पत्रकाप्रमाणे केले तर सुंठीचे प्रमाण दुपटीवर जाते. मापे ग्रॅममध्येच छापावीत. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो, हेही पाकिटावर लावायच्या चिठ्ठीवर कुठे नाही. वाण घरोघरी जाते, कोणाला काय पथ्य आहे ते देणारीला ठाऊक नसते. कागदी पाकिटांना आतून अस्तर नाही, तेही बसवावे.

आमची मागणी अशी : गवती चहा, दालचिनी आणि तुकड्यांतली सुंठ १२ जानेवारीपर्यंत बदलून पाठवावी. ते जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. त्या बॅचचा गवती चहा विक्रीतून काढल्याचे लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवू.

बुरशीचा माल वेगळा बांधून ठेवला आहे. तो नेण्यासाठी आपल्या खर्चाने कुरिअर पाठवावे.

कळावे,
आपल्या ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, बॅच क्रमांकासह पुड्यांचे फोटो, बुरशीचे व बरणीचे फोटो