किसला वॉर्निंग आणि मरणाला काहीच नाही

मित्रा,

तुझा मेल काल रात्री वाचला आणि आज दिवसभर डोक्यात तेच चालू होतं, म्हणून आता नीट बसून लिहितेय. चॅटवर सांगायला गेले असते तर तू मधेच एखादा जोक मारून विषय बदलला असतास, ओळखते मी तुला. तर तुझा प्रश्न असा की तुझ्या त्या दोन डिटेक्टिव्हांची फिक (फॅन फिक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या गाजलेल्या पात्रांवर चाहत्याने लिहिलेली गोष्ट) आता साइटवर टाकायची वेळ आलीय, चौथ्या चॅप्टरमधे ते एकमेकांना किस करतात, तर वर "वॉर्निंग: दोन पुरुषांचं प्रेम" असं टाकू का, उगाच कोणाला धक्का नको. सरळ उत्तर, नको टाकूस. पण एवढं बोलून मी सुटणार नाही कारण हेच मी स्वतः करून बसलेय, आणि तुझ्यापेक्षा वाईट पद्धतीने.

माझी ती पहिली लांबलचक फिक आठवते का, युद्धावरची, दोन सैनिक मुलींची, जी तूच बीटा केली होतीस, म्हणजे टाकायच्या आधी तपासली होतीस, आणि एकूण एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारून वर मला चार गोष्टी सुनावल्या होत्यास? तिच्या ऑथर्स नोटमधे मी लिहिलं होतं, "इशारा: रक्तपात, छळाचे प्रसंग, एका मुख्य पात्राचा मृत्यू, दोन मुलींचं प्रेम." सगळं एकाच ओळीत, मधे फक्त स्वल्पविराम. तुझ्याही नजरेतून सुटलं ते, आणि माझ्या तर डोक्यातसुद्धा आलं नाही, कारण मी वाचत आलेल्या जुन्या फिकांवर असंच असायचं, रीतच आहे समजून मीही टाकलं. मग सात-आठ महिन्यांनी एक कमेंट आली. इतकी गोड कमेंट, कुठलं वाक्य आवडलं, कुठे रडू आलं, आणि अगदी शेवटी एक ओळ: "पहिल्या तीन गोष्टींचा त्रास होऊ शकतो हे कळलं, चौथीचा नक्की कोणाला होतो?"

मी कितीतरी वेळ ती ओळ बघत बसले. म्हणजे बघ ना, त्या दोघी खंदकात एकमेकींचे हात ऊब यावी म्हणून कोटाच्या आत धरून बसतात, त्या एका पानासाठी मी सगळं युद्ध लिहिलं होतं, आणि तेच पान मी माझ्या हाताने नेऊन प्रेतांच्या रांगेत ठेवलं होतं. आणि मी! मी, जिला स्वतःला मुली आवडतात! दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी भांडायला गेले असते.

मग मी शोधायला लागले की ही सवय आली कुठून. तर तू आत्ता पेअरिंगमधे जी तिरकी रेघ टाकतोस ना, दोन नावांच्या मधली, ती स्टार ट्रेक या जुन्या टीव्ही सिरीजमधल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांच्या जोडीपासूनची आहे, म्हणून अशा प्रेमाच्या फिकांना नावच स्लॅश पडलं. १९७४ साली ग्रप नावाच्या फॅनझीनच्या, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या मासिकाच्या, तिसऱ्या अंकात पहिली छापील स्लॅश गोष्ट आली असं मानतात, आणि गंमत म्हणजे तिच्यात दोघांची नावंच घेतलेली नाहीत, वाचणाऱ्याने ओळखायचं. पुढे अशी झीन्स पोस्टाने मागवायची तर आपण सज्ञान आहोत असं सही करून कळवावं लागायचं बऱ्याच ठिकाणी. मग इंटरनेट आलं, आणि प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर ती ठरलेली पाटी, "वॉर्निंग: स्लॅश! आवडत नसेल तर बॅक दाबा, शिव्या देऊ नका." ती ओळ वाचकाच्या काळजीपोटी कोणी लिहीत नव्हतं रे. लिहिणारी घाबरलेली असायची, उद्या कोणी येऊन घाण बोललं तर "मी आधीच सांगितलं होतं" म्हणता यावं म्हणून ती आधीच स्वतःवर शिक्का मारून घ्यायची. त्या बायकांना मी नावं ठेवणार नाही, त्यांचा काळ तसा होता. पण आपण २०-२५ वर्षांनी तीच ओळ कॉपी-पेस्ट करायची, ते कशासाठी?

आता मी थोडं उलटं बोलणार आहे, हसू नकोस. चौदा-पंधराची असताना मी त्या पाट्याच शोधायचे. सर्च बॉक्समधे चक्क "वॉर्निंग" आणि "स्लॅश" असे दोन शब्द टाकायचे, कारण मला हव्या त्या गोष्टी फक्त तिथे मिळायच्या. दुसऱ्यांना पळवून लावायला लिहिलेली पाटी मला रस्ता दाखवायची. कॉम्प्युटर सगळ्यांचा मिळून एक, पाठीमागून कोणीही जा-ये करणार, त्यामुळे लिंक उघडायच्या आधी आत काय आहे हे कळणं मला फार गरजेचं होतं, आणि ते त्या पाटीमुळेच कळायचं. म्हणून आजकाल जे म्हणतात ना की काहीच सांगू नका, प्रेम ते प्रेम, लेबल कशाला, ते मला पटत नाही. ज्याच्या खांद्यावरून कोणीतरी स्क्रीन बघतंय त्याला आधी कळलंच पाहिजे. फक्त मला एक त्रास झाला त्याचा, तो मोठेपणी लक्षात आला. मला जे हवं होतं ते मला कायम "सावधान" या शब्दाच्या आत सापडलं. वाचून झालं की हिस्टरी डिलीट, आणि पोटात तेच जे चोरी केल्यावर होतं. गोष्टीत दोघं नुसते चहा पीत बसलेले असायचे रे!

तर सांगायचं, पण कुठल्या रकान्यात सांगायचं, एवढाच माझा मुद्दा आहे. तू एओथ्रीवर, फिकांच्या त्या मोठ्या साइटवर, टाकणार आहेस ना, मग तो फॉर्म नीट बघ, घाईत टिक करत सुटू नकोस. तिथे सक्तीच्या वॉर्निंग चारच आहेत: हिंसेचं थेट, सविस्तर वर्णन, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, आणि अल्पवयीन पात्रांचे लैंगिक प्रसंग. बास. चारांतलं काहीच नसेल तर तसं टिक करायचं, आणि काय आहे ते आधी फोडायचं नसेल तर "लेखकाने वॉर्निंग न देणं पसंत केलंय" असाही पर्याय आहे. आणि एम स्लॅश एम (पुरुष-पुरुष), एफ स्लॅश एफ (स्त्री-स्त्री) हे सगळं वेगळ्या रकान्यात, कॅटेगरीत, स्त्री-पुरुष जोडीच्या अगदी शेजारी, एका रांगेत. २००९ ला साइट सुरू झाली तेव्हा ज्यांनी हा फॉर्म बनवला त्या स्वतः फिक लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याच होत्या, त्यांना ती जुनी पाटी चांगली माहीत होती. त्यांनी ती माहिती काढून टाकली नाही, नुसती एका खोक्यातून उचलून दुसऱ्या खोक्यात ठेवली. ज्याला हवंय तो त्याच खोक्यावरून शोधतो, ज्याला नकोय तो त्याच खोक्यावरून फिल्टर करतो, आणि लिहिणाऱ्याला माफी मागावी लागत नाही. २०१९ ला त्या साइटला विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार ह्युगो मिळाला तेव्हा लोक गोष्टींचं कौतुक करत होते, मी मनातल्या मनात त्या फॉर्मचं करत होते.

तुझ्या मेलमधली दुसरी आयडिया, की सस्पेन्स राहावा म्हणून तिरक्या रेघेऐवजी अँडचं चिन्ह टाकायचं, ती तर अजिबात नको. अँड म्हणजे मैत्री, रेघ म्हणजे प्रेम, हे सगळ्यांना पाठ आहे. मैत्रीची गोष्ट म्हणून आलेला वैतागणार आणि जो अशी गोष्ट शोधत बसलाय त्याला ती सापडणारच नाही, दोन्हीकडून तोटा. आणि रेटिंग कसं ठरवायचं म्हणालास तर माझी सोपी युक्ती, दोघांतल्या एकाच्या जागी बाई आहे असं समज आणि तोच प्रसंग परत वाच. तेव्हा जे रेटिंग दिलं असतंस तेच दे. तुझा चौथा चॅप्टर म्हणजे पावसात एक किस आणि नंतर तीन पानं दोघंही एकमेकांशी न बोलता रिपोर्ट लिहितात, त्याला तू "मॅच्युअर" लावलंयस! कशाच्या जोरावर? बाई असती तर "टीन" लावलं असतंस, आणि कदाचित तेवढंही नाही.

हे रेटिंगचं दुहेरी माप काही तू शोधून काढलेलं नाहीस म्हणा. हॉलिवूडमधे १९३४ पासून हेज कोड, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं याची नियमावली, कडक लागू झाला, त्यात समलिंगी प्रेमाला "लैंगिक विकृती" म्हणून सरसकट बंदी, १९६१ ला थोडी ढील दिली आणि १९६८ ला त्या कोडच्या जागी वयाप्रमाणे रेटिंग आली. कोड गेला, माप डोक्यात राहिलं. आणि हल्लीचं उदाहरण हवं असेल तर हंगेरी बघ. तिथे परीकथांचा एक संग्रह निघाला होता, काही कथांमधे समलिंगी पात्रं, तर २०२१ च्या जानेवारीत सरकारने प्रकाशकांना सांगितलं की यात पारंपरिक स्त्री-पुरुष भूमिकांशी न जुळणारं वागणं आहे अशी सूचना पुस्तकावर छापा. त्याच वर्षी कायदा आला, आणि २०२३ ला एका पुस्तकांच्या दुकानसाखळीला १ कोटी २० लाख फोरिंट दंड झाला कारण दोन शाळकरी मुलग्यांच्या प्रेमाचं एक चित्ररूप पुस्तक त्यांनी प्लॅस्टिकमधे सीलबंद न करता मुलांच्या पुस्तकांत ठेवलं होतं. म्हणजे आधी सूचना, मग प्लॅस्टिक, मग दंड, दोन-अडीच वर्षांत. म्हणून मला तो "वॉर्निंग" शब्द एवढा खुपतो. आपण तो भाबडेपणाने टाकतो, पण एकदा आपणच म्हटलं की ही धोक्याची वस्तू आहे, की मग दुसऱ्याने ती कुलपात ठेवली तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार.

२००७ ला लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवर झालेलं तुला माहितीये का? साइटवाल्यांनी एका झटक्यात सुमारे ५०० जर्नल्स बंद केली, प्रोफाइलमधे कोणते शब्द लिहिलेत ते बघून. त्यात फिकवाल्यांचे ग्रुप गेले आणि अत्याचारातून सावरणाऱ्या लोकांचे ग्रुपसुद्धा गेले, कारण शब्द तेच. काही नंतर परत आणली, पण तोवर लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच.

बरं, आता मुख्य गोष्ट, जी मी मुद्दाम शेवटी ठेवली कारण आधी लिहिली असती तर तू चिडून पुढचं वाचलंच नसतंस. तुझा ड्राफ्ट मी पूर्ण वाचलाय. नवव्या चॅप्टरमधे तू त्या धाकट्या डिटेक्टिव्हला मारतोस. छातीत गोळी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधे थोरला त्याचा चष्मा रुमालाने पुसत बसलेला, मी खरंच रडले, चष्म्याचं फार जमलंय तुला. आणि फॉर्ममधे तू काय टिक करून पाठवलंस? "कोणतीही वॉर्निंग लागू नाही." अरे माणसा! पावसातल्या किसमुळे कोणाला धक्का बसेल याची काळजी तुला तीन परिच्छेद, आणि ज्याचा खरंच धक्का बसणार आहे तो प्रसंग तुझ्या लक्षातही नाही.

आणि हे मरण असं-तसं नाही. अशा जोडीतलं एक जण सुखाच्या दोन पानांनंतर मरतंच, हा इतका जुना खेळ आहे की लोकांनी त्याला नाव ठेवलंय, "बरी युअर गेज", म्हणजे आपल्या समलिंगी पात्रांना पुरून टाका. २०१६ ला एका अमेरिकन सिरीजमधे एक लेस्बियन पात्र प्रेमाच्या सीननंतर काही मिनिटांत भरकटलेल्या गोळीने मेलं आणि फॅन्सनी आकाशपाताळ एक केलं, कारण यावेळी तरी असं होणार नाही असं त्यांना वाटत होतं. त्या लोकांना किसची वॉर्निंग नको होती, त्यासाठीच तर ते आले होते. डझ द डॉग डाय नावाची साइट आहे, नावाप्रमाणे आधी फक्त सिनेमात कुत्रा मरतो का एवढंच सांगायची, आता तिथे शेकडो प्रश्न आहेत आणि त्यात हाही आहे की यात कोणी एलजीबीटी पात्र मरतं का. मी स्वतः बघते ते, अंगात ताकद नसेल त्या दिवशी आधी बघते आणि मगच प्ले दाबते. मरण काढून टाक असं मी म्हणत नाहीये, गोष्ट तुझी आहे, चष्म्यासाठी तर ठेवच. पण मृत्यूच्या खोक्यात टिक कर, आणि सस्पेन्स जाईल म्हणून जीव तुटत असेल तर किमान तो न सांगण्याचा पर्याय घे, म्हणजे वाचणारा तयारीने तरी येईल. "लागू नाही" म्हणजे चक्क खोटं बोलणं आहे.

माझ्या जुन्या फिकची नोट मी त्या कमेंटनंतर दुसऱ्याच दिवशी बदलली. चौथी गोष्ट तिथून काढली, पेअरिंगमधे रेघ टाकली, आणि समरीची पहिली ओळ केली, "दोन सैनिक मुली, एक खंदक, एक कोट." त्या कमेंटवालीला कळवलं तर तिने नुसता कोटाचा इमोजी पाठवला.

तर रविवारपर्यंत सुधारलेला फॉर्म पाठव, मी परत एकदा नजर टाकते, आणि नवव्यातले ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारून ठेवलेत, यावेळी पाळी माझी होती. आणि हो, दहाव्या चॅप्टरच्या सुरुवातीला थोरला घरी येतो तेव्हा दाराशी तो म्हातारा कुत्रा झोपलेला आहे आणि ड्राफ्ट तिथेच तुटलाय. तो नुसता झोपलेलाच आहे ना? पुढचं पाठवायच्या आधी मला मेसेज कर.

तुझी,
खंदकवाली