सगळेच ‘खवय्ये’ कसे?

संपादक महोदय,

आखाडात मटणासाठी रांग लागली, मिसळ महोत्सवात झुंबड उडाली, गणपतीत मोदक हातोहात संपले, की मथळा ठरलेलाच. ‘खवय्यांनी मारला ताव!’ खाणाऱ्यांसाठी मराठीत इतके शब्द असताना वृत्तपत्रांनी सगळ्यांना एकाच पंगतीला बसवावे, हे काही पटत नाही.

खवय्या म्हणजे चवीचा जाणकार. तो दोन घास खाऊन उठला तरी खवय्याच. खादाडाचे सगळे गणित प्रमाणावर. पैजेने जिलब्या फस्त करणारा खादाड. अदबीने म्हणायचे तर ‘दणकट आहाराचा’. हावऱ्याची नजर पोटाला लागते त्याच्या पलीकडे असते. म्हणून माणूस पैशाचाही हावरा असतो, पैशाचा खादाड कोणी नसतो. अधाशी हा शब्द खाण्याच्या रीतीचा, घाईने तुटून पडण्याचा. त्यामुळे पुस्तकेही ‘अधाशासारखी’ वाचता येतात (‘अधाशीसारखी’ नव्हे) आणि त्यात निंदाही नसते.

मिसळीचेच टेबल पाहा. खवय्या रस्सा वेगळा मागतो, कारण आधीच ओतला की फरसाण मऊ पडते. चमचाभर चाखतो, मग लिंबू पिळायचे की नाही ते ठरवतो. तेवढ्यात खादाडाने पावाची दुसरी जोडी मागवलेली असते, आणि तो ती संपवतोही. हावरा जादा रस्सा घेऊन अर्धा टाकतो. अधाशाची जीभ पहिल्याच घासाला पोळते. चोखंदळ अजून मेनूकार्डच वाचतोय.

क्रियापदेही जुळायला हवीत. ताव मारणे, हादडणे, चापणे हे खादाडाकडे शोभते. ‘आस्वाद घेतला’ कितीही गुळगुळीत झाले असले, तरी खवय्याशी निदान जुळते. ‘खादाडी’ हल्ली लाडाने भटकून खाण्याला म्हणतात. त्याला हरकत नाही. आपपोट्या आणि भोजनभाऊ यांचा तर चवीशी संबंधच नाही. पहिला स्वार्थी, दुसरा कामाला गायब आणि पंगतीला हजर. नुसती गर्दीच सांगायची असेल, तर ‘ग्राहक’ पुरे.

‘भस्म्या’ मात्र जपून वापरावा. आयुर्वेदात भस्मक म्हणजे जठराग्नी अतितीक्ष्ण होऊन, खाल्लेले अंगी न लागण्याची अवस्था. मधुमेहात किंवा थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागल्यावरही भूक वाढते आणि वजन घटते. तेव्हा पोराला ‘भस्म्या झालाय’ म्हणून हसत बसू नये, डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावे.

– एक वाचक, सातारा