मूत्रपिंड म्हणजे केवळ चाळणी नव्हे

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत मूत्रपिंडाच्या आजारांवर नेमाने लेख येतात आणि त्यांत मूत्रपिंडाला बहुधा ‘रक्त गाळणारी चाळणी’ म्हटलेले असते. उपमा सोपी आहे. पण ज्या घरात पॉलिसिस्टिक किडनी हा, मूत्रपिंडांत पाण्याच्या पिशव्या वाढत जाण्याचा, आनुवंशिक आजार आहे, त्या घराला ती आडवाटेला नेते, कारण चाळणी तुंबते असे एकदा मनात बसले की ती धुऊन काढण्याचे उपायच सुचत राहतात. याच समजुतीपोटी माझ्या पतींनी दोन वर्षे ‘किडनी साफ करणारा’ काढा घेतला आणि त्या काळात प्रत्येक सोनोग्राफीत मूत्रपिंडांचा आकार वाढलेलाच दिसला.

या आजाराचे मूळ तुंबण्यात नसते, पेशींच्या वाढीत असते. शरीरात पाणी कमी पडू लागले की पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात येते, मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींवरील ग्राहीला, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या रेणूला, जाऊन चिकटते आणि पेशीच्या आत सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूचे प्रमाण वाढवते. निरोगी पेशीत हा निरोप पाणी राखून ठेवण्याचा असतो आणि पेशींच्या विभाजनाला तो उलट आवरच घालतो. पीकेडी १ किंवा पीकेडी २ या जनुकांत बिघाड असलेल्या पेशीत मात्र कॅल्शियमचा तोल ढळलेला असल्यामुळे तोच निरोप विभाजनाला चालना देतो, पोकळीत द्रव पाझरू लागतो आणि पाण्याच्या पिशव्या वर्षानुवर्षे फुगत जातात. एकच रेणू दोन पेशींत इतके परस्परविरुद्ध काम करतो, याचे मला आजही नवल वाटते.

हे कळल्यामुळेच औषध सापडले. टोलव्हॅप्टन व्हॅसोप्रेसिनला ग्राहीपाशीच अडवते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, १४४५ रुग्णांवरील तीन वर्षांच्या चाचणीत मूत्रपिंडांची वाढ वर्षाला ५.५ टक्क्यांऐवजी २.८ टक्के इतकी मंदावली. अर्थात, हे औषध सरसकट सर्वांसाठी नाही. त्याने लघवी फार होते आणि यकृताच्या तपासण्या वरचेवर कराव्या लागतात.

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही याच संदर्भात तपासून द्यावा. पाण्याने व्हॅसोप्रेसिन कमी होते हे खरे. तरीही ऑस्ट्रेलियात तीन वर्षे झालेल्या चाचणीत पाणी वाढवूनही मूत्रपिंडांच्या वाढीत लक्षणीय फरक पडला नाही, आणि मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या रुग्णाला तर पाणी मोजूनच प्यावे लागते.

माझी विनंती इतकीच, की एखाद्या मूत्रपिंडतज्ज्ञाकडून आपण या आजारावर सविस्तर लेख लिहून घ्यावा. आई किंवा वडिलांना हा आजार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. माझी मुलगी पुढच्या महिन्यात पहिल्या सोनोग्राफीसाठी जाणार आहे. तिच्या हाती असा लेख द्यावा, असे मला फार वाटते.

आपली,
एक वाचक, सातारा