तीसपैकी तीस, पण कशात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ट्रम्प यांच्या मेडिकल चेकअपची बातमी आली की तुमच्या पेपरात हेडिंग जवळपास ठरलेलं असतं, मेंदूच्या परीक्षेत पैकीच्या पैकी! वाचून असं वाटतं की तात्या बोर्डात पहिले आले. यावेळी राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्र जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल पण ट्रेन आणि सायकलचा भाग तेवढा ठेवा.

ही टेस्ट मला पाठ आहे कारण माझ्या वडिलांची दोनदा झालीये. मोका म्हणतात तिला, मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, डॉ. झियाद नसरेद्दीन यांनी बनवलेली. २००५ मध्ये त्यांचा पेपर आला, त्यात सौम्य विसरभोळेपणाचे पेशंट या टेस्टने ९० टक्के पकडले आणि तोवर सगळीकडे चालणारी जुनी टेस्ट त्यातल्या फक्त १८ टक्क्यांवर अडकली होती, म्हणजे टेस्ट चांगलीच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. दहा मिनिटांत होते, ३० मार्कांची, २६ किंवा वर आले की नॉर्मल. पण काम एवढंच, पुढच्या तपासण्या करायच्या का ते ठरवणं. ताप आहे का बघायला थर्मामीटर लावतो तसं. थर्मामीटर नॉर्मल आला म्हणून कोणी पेढे वाटत नाही.

आता बाबांचं. पहिल्या वेळी २२ आले आणि घरात सगळ्यांचे चेहरे पडले. नंतर लक्षात आलं की कानाच्या मशीनचा सेल संपला होता, डॉक्टरांनी वाचून दाखवलेले पाच शब्द बाबांना धड ऐकूच गेले नव्हते, आठवणार कुठून! काही महिन्यांनी नवा सेल टाकून नेलं. गोल काढला, आकडे बरोबर बसवले, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती तीही दाखवली. १०० मधून सात सात वजा करत गेले ते डॉक्टरांनी थांबवलं तरी थांबेनात. मग आलं ट्रेन आणि सायकलमध्ये साम्य काय. बाबा म्हणाले दोन्हीला चाकं असतात. हे उत्तर धरत नाहीत, दोन्ही वाहनं आहेत, प्रवासाची साधनं आहेत असं काहीतरी म्हणावं लागतं. बाबा जाम भांडले, म्हणे चाकं नसतात का सांगा, मी उगाच बोलतोय का! मार्क गेला तो गेलाच. शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक मार्क जास्त देतात, बाबांची शाळा दहावीला सुटली म्हणून तो मिळाला, आणि २७ झाले. नॉर्मल.

आणि त्याच महिन्यात या नॉर्मल माणसाने फोनवरच्या एका गोड बोलणाऱ्या भामट्याला ओटीपी सांगून टाकला.

मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. कोणाचं ऐकायचं, कोणावर विश्वास टाकायचा, घाई कधी करायची नाही, राग आल्यावर गप्प कधी बसायचं, हे त्या कागदावर कुठे विचारलेलंच नाही. आणि अमेरिकेच्या अध्यक्षाचं निम्मं काम तेच आहे ना, रात्री दोन वाजता उठवून कोणीतरी काहीतरी सांगणार आणि याने ठरवायचं. टेस्टमध्ये असतो तसा चित्रातला उंट ओळखता येतो का हा प्रश्न तिथे कोण विचारतो.

ट्रम्प यांनी मात्र या टेस्टचं गोल्ड मेडल करून टाकलंय. २०१८ मध्ये ३० पैकी ३०, मग एप्रिल २०२५ मध्ये परत ३० पैकी ३०. मधे २०२० साली टीव्हीवर पर्सन, वुमन, मॅन, कॅमेरा, टीव्ही असे पाच शब्द ओळीने म्हणून दाखवले, ते जगभर गाजलं. खरं तर मूळ इंग्रजी टेस्टमधले शब्द चेहरा, मखमल, चर्च, डेझी आणि लाल असे आहेत, मुद्दाम एकमेकांशी संबंध नसलेले, म्हणजे समोर दिसतंय ते बघून जुळवता येऊ नयेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर विमानात पत्रकारांसमोर याच टेस्टला आयक्यू टेस्ट म्हणाले आणि विरोधी पक्षातल्या महिला खासदारांना देऊन बघा असं चॅलेंज केलं. ज्यांनी टेस्ट बनवली ते नसरेद्दीन स्वतः सांगतात की ही आयक्यू मोजायला नाही. पण ऐकतो कोण.

मी ट्रम्पविरोधी वगैरे आहे असं कृपया समजू नका, बायडेन यांच्या बाबतीत तर उलटं झालं. २७ जून २०२४ च्या डिबेटमध्ये माणूस वाक्य सुरू करून मधेच हरवत होता, अख्ख्या जगाने पाहिलं, आणि काही दिवसांनी मुलाखतीत टेस्ट देणार का विचारल्यावर म्हणाले माझी तर रोजच टेस्ट होते, म्हणजे अध्यक्षपदाचं काम हीच टेस्ट. ऐकायला भारी आहे पण बाबा पण असंच म्हणायचे, मी रोज पेपर वाचतो मला काय झालंय. २१ जुलैला बायडेन यांनी निवडणुकीतून माघार घेतली. एकाने टेस्ट मिरवली, एकाने टाळली, लोकांच्या हाती दोन्हीकडून काहीच लागलं नाही.

खरी गोम मार्कांत नाहीच, टेस्ट घेणाऱ्यात आहे. व्हाइट हाऊसचा डॉक्टर बहुतेक वेळा सैन्यातला अधिकारी असतो आणि सैन्याचा सर्वोच्च प्रमुख कोण तर त्याचा पेशंट! २०१८ ला ३० पैकी ३० जाहीर करणारे डॉ. रॉनी जॅक्सन नौदलातले, नंतर ट्रम्प यांच्याच पक्षातून टेक्सासमधून खासदार झाले. मी त्यांनी खोटे मार्क दिले असं म्हणत नाहीये, पण शाळेत सख्ख्या मामाने पेपर तपासला तर आपण काय म्हणतो? आणि हे आजचं नाही. ऑक्टोबर १९१९ मध्ये वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला, बायको आणि डॉक्टर दोघांनी मिळून किती गंभीर आहे ते लोकांपासून लपवलं, आणि ते मार्च १९२१ पर्यंत अध्यक्ष राहिले. कायद्याने आजही तिथे अध्यक्षाला कुठली मेडिकल टेस्ट सक्तीची नाही, रिपोर्ट दाखवणंही सक्तीचं नाही, आपल्याला दिसतं ते त्यांनी दाखवायचं ठरवलेलं. वय किमान ३५ हवं, कमाल कितीही. २५ वी घटनादुरुस्ती १९६७ पासून आहे, तिच्यात उपाध्यक्ष आणि निम्म्याहून जास्त मंत्री मिळून अध्यक्ष काम करू शकत नाही असं लिहून देऊ शकतात, ते कलम आजवर एकदाही वापरलं गेलं नाही. आणि मंत्री नेमतो कोण, तर तोच.

दुसऱ्या बाजूचे लोकही काही कमी नाहीत. ट्रम्प अडखळले, डोळे मिटले, शब्द चुकला की लगेच व्हॉट्सॲपवर क्लिप आणि खाली डिमेन्शिया कन्फर्म. अरे बाबांनो, ज्याला तपासलं नाही त्याचं निदान करू नये हा धडा अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतःची फजिती करून शिकलाय. १९६४ मध्ये एका मासिकाने १२,३५६ तज्ज्ञांना विचारलं की तेव्हाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर अध्यक्ष व्हायला मानसिकदृष्ट्या फिट आहेत का, उत्तरं आली २,४१७ आणि त्यातले १,१८९ म्हणाले नाहीत. त्यांना न तपासताच. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि केस जिंकले, नंतर १९७३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला, न तपासता बोलायचं नाही. गोल्डवॉटर रूल म्हणतात त्याला. तुमच्या पेपरातही मधे कोणा तज्ज्ञाने चालण्यावरून अंदाज बांधले होते, ते वाचून मला हेच आठवलं.

तेव्हा पुढच्या वेळी ही बातमी छापाल तेव्हा मार्कांसोबत एवढं तरी छापा की टेस्ट कोणती, घेतली कोणी, आधी किती वेळा दिलीये आणि पूर्ण रिपोर्ट बाहेर आलाय की नुसतं एक पानी पत्र. पुन्हा पुन्हा दिली की सवय होते, म्हणून तर मोकाचे वेगवेगळे सेट काढलेत, तेव्हा सेट तोच होता का हेही कळलं तर बरं.

बाबांना ती बातमी वाचून दाखवली. सेल होता मशीनमध्ये, नीट ऐकलं सगळं. म्हणाले, ते ट्रेन आणि सायकलला काय म्हणाले ते छापलंय का बघ.

आपली,
एक नेहमीची वाचक