घर घेण्याआधी गावजत्रेला जाऊन यावे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुढीपाडव्याच्या आधीच्या आठवड्यापासून आपल्या दैनिकाची पाने नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींनी भरू लागतात आणि अक्षय्य तृतीया उलटेपर्यंत हा ओघ ओसरत नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी दोन मुहूर्त महिनाभराच्या अंतराने येत असल्याने घर ठरवण्याची घाई या काळात फार असते. चटई क्षेत्र कसे तपासावे, कर्जाचा हप्ता किती बसेल, मुद्रांक शुल्कात महिलांना एक टक्क्याची सवलत कशी मिळते, हे सारे पुरवणीत वाचायला मिळते. मात्र ज्या वस्तीत पुढची वीस-तीस वर्षे काढायची ती वस्ती कशी पाहावी, याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. त्यासाठी मला एक सूचना करायची आहे, आणि ती स्वतःच्या चुकीतून सुचलेली असल्यामुळे आधी ती चूक सांगतो.

आम्ही आमचे सध्याचे घर दसऱ्याच्या मुहूर्तावर ठरवले. शहराच्या पश्चिमेकडील त्या भागात आमच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या त्या भाद्रपद-आश्विनात. टेकडी हिरवीगार, तिच्यावर सोनकी फुललेली, प्रकल्पामागचा ओढा खळाळत वाहत असलेला आणि खडकवासल्यापासून टेमघरपर्यंतची धरणे भरल्याच्या बातम्या नुकत्याच येऊन गेलेल्या, त्यामुळे पाण्याविषयी विचारण्याचे आमच्या मनातही आले नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत छान हिरवळ आणि लोखंडी कमान होती. पत्नी म्हणाली, "बाग दिसते आहे, संध्याकाळी फिरायला बरी." ते लग्नाचे लॉन होते. चातुर्मासात लग्ने नसल्याने ते निपचित पडलेले होते, इतकेच. राहायला गेल्यावर तुळशीचे लग्न लागले आणि तेव्हापासून थेट वैशाखापर्यंत डीजेच्या ठोक्याबरोबर आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या वाट्या थरथरू लागल्या. पहिल्याच एप्रिलमध्ये ओढ्याचा वास येऊ लागला आणि मागच्या फाटकातून दिवसाला चार टँकर आत यायला लागले. महापालिकेची जलवाहिनी येईपर्यंत पाणी पुरवण्याचे हमीपत्र विकासकाने दिलेले होते असे नंतर कळले. तोवर सोसायटी सदनिकाधारकांच्या ताब्यात आलेली होती आणि टँकरचे बिल देखभाल खर्चात मिसळून गेले होते. कागदपत्रे सगळी चोख होती. आम्ही मात्र वर्षातल्या सर्वांत देखण्या पंधरवड्यात वस्ती पाहिली आणि ती बारा महिने तशीच असेल असे धरून चाललो.

स्थावर संपदा नियमनाचा 'रेरा' कायदा महाराष्ट्रात २०१७ च्या मे महिन्यात पूर्णपणे लागू झाल्यापासून खरेदीदाराची बाजू पुष्कळ भक्कम झाली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. नोंदणीकृत करार झाल्याखेरीज दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यानंतर पाच वर्षे विकासकावर राहते, मंजूर नकाशे घरबसल्या पाहता येतात. तथापि हे सारे संरक्षण कुंपणाच्या आतले आहे. कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर रात्री दिवे लागतात का, दुपारी चार वाजता बसथांब्यावर सावली असते का, शेजारचा माणूस हाकेला ओ देतो का, याची नोंद कोणत्याही संकेतस्थळावर नसते. ती पाहायला पायीच जावे लागते, आणि विनाकारण परक्या वस्तीत भटकणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. निमित्त हवे. असे निमित्त आपल्याकडे चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत जितक्या वेळा मिळते तितके वर्षाच्या इतर काळात क्वचितच मिळत असेल.

गेल्या उन्हाळ्यात मुलीसाठी घर पाहण्याची वेळ आली तेव्हा आम्ही नमुना सदनिका पाहण्याआधी त्या त्या भागातले कार्यक्रम गाठायचे ठरवले. सुरुवात जत्रांपासून केली. आज ज्यांना आपण पुण्याची उपनगरे म्हणतो ती बहुतेक परवापरवापर्यंत गावे होती. १९९७ मध्ये बाणेर-बालेवाडीसारखी, २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये सूस, म्हाळुंगे, वाघोली, मांजरी बुद्रुक यांसह तेवीस गावे महापालिकेत आली. गाव शहरात गेले किंवा शहराला भिडले तरी ग्रामदैवताची जत्रा तिथीलाच भरते. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमुळे सर्वांच्या ओळखीचे झालेले हिंजवडीच घ्या. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला जाते, आणि ज्या रस्त्यांवर एरवी संगणक अभियंत्यांच्या मोटारी खोळंबलेल्या असतात तिथे त्या दिवशी गुलाल उधळला जातो. हा सोहळा पाहायला गेलेल्या माणसाला गावठाण कुठे संपते, नवी वस्ती कुठे सुरू होते आणि दोन्हींना मिळून प्रत्यक्षात किती रस्ते आहेत, हे तासाभरात उमजते. विक्री कार्यालयातल्या नकाशावर हेच रस्ते रुंद आणि सरळ असतात.

आम्ही गेलेल्या दुसऱ्या एका गावच्या जत्रेत देवळामागे कुस्त्यांचा आखाडा भरला होता. रेवड्या आणि गोडी शेव विकणाऱ्या पालांच्या रांगेच्या टोकाला पिंपळाच्या पारावर पटक्यातले एक आजोबा बसले होते. मी त्यांना समोरच्या वीस-बावीस मजली इमारतींकडे बोट दाखवून सहज विचारले, "पाण्याचं कसं काय आहे हो इकडं?" आजोबांनी तंबाखू मळता मळता सांगितले, "आमाला नळ हाय, सकाळचा येतो. तुमाला टँकर." मी त्या इमारतीत राहत नाही, नुसता पाहायला आलो आहे, असे सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, "मग बगा, आन जावा." इतके नेमके उत्तर मला कोणत्याही विक्री प्रतिनिधीकडून मिळालेले नाही. पाण्याच्या बाबतीत महापालिका बदलली की हिशेबही बदलतो, हेही येथे नमूद करायला हवे. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, आणि पुण्याची सवय असलेल्या कुटुंबाला इमारतीतली साठवण टाकी किती मोठी आहे हा प्रश्न तिथे सर्वांत आधी विचारावा लागतो.

जत्रेच्या किंवा जयंतीच्या दिवशी रात्री दहानंतर पाच-दहा मिनिटे तिथेच थांबावे, असे मी आवर्जून सांगेन. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, फक्त वर्षातले मोजके दिवस शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिलेली आहे. नियम सगळीकडे एकच असला तरी दहा वाजून पाच मिनिटांनी काय होते, हे प्रत्येक वस्तीत वेगळे असते. एका ठिकाणी कार्यकर्त्यांनी स्वतः घड्याळ पाहून आवाज बंद केला आणि खुर्च्या आवरायला घेतल्या. दुसरीकडे पोलिसांची गाडी येऊन गेली, तिच्या पाठोपाठ आवाज पुन्हा चढला. त्याहून अधिक कळते ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही मुद्दाम सात वाजता परत गेलो. पहिल्या वस्तीत मंडळाची मुले द्रोण-पत्रावळ्या गोण्यांत भरत होती. दुसऱ्या वस्तीत त्याच पत्रावळ्यांवर कुत्री तुटून पडली होती, आणि सोसायट्यांमधून फिरायला बाहेर पडलेली मंडळी त्यांना वळसा घालून निघून जात होती.

११ एप्रिलला महात्मा फुले आणि १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती येते. मिरवणुका तर असतातच, पण अनेक ठिकाणी सलग अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात, आणि त्या निमित्ताने परिसरात ग्रंथालय किंवा अभ्यासिका आहे की नाही, असली तर तिचे पंखे चालतात की नाही, हे समजते. आमच्या मुलीला याचे महत्त्व विशेष वाटले, कारण तिची धाकटी नणंद स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि तिला आज अभ्यासिकेसाठी रोज पाऊण तास बसने जावे लागते.

आंब्याचेही तसेच. पणन मंडळाचा उत्पादक ते ग्राहक असा आंबा महोत्सव पुण्यात दरवर्षी भरतो. त्याशिवाय रत्नागिरी-देवगडकडचे बागायतदार हल्ली टेम्पो घेऊन थेट सोसायट्यांच्या फाटकाशी पेट्या लावतात. या विक्रेत्यांना कोणत्या इमारतीची लिफ्ट वरचेवर बंद असते आणि कोणत्या सोसायटीचा सुरक्षारक्षक पेटी वर नेऊ देत नाही, हे तोंडपाठ असते. मी दोन डझन हापूस घेताना जी माहिती मिळवली तिची किंमत आंब्यांपेक्षा खचितच जास्त होती, जरी त्यातले चार आंबे आतून डागी निघाले.

सुट्टीत मुले जिथे क्रिकेट खेळतात त्या जागेबाबत मात्र सावध राहायला हवे. रात्री दिवे लावून टेनिस बॉलचे सामने चाललेले पाहून खरेदीदार हुरळतो आणि वस्तीत मैदान आहे असे समजतो. ती जागा विकास आराखड्यात रस्त्यासाठी राखीव असेल, किंवा त्याच प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यातली इमारत तिथे उभी राहणार असेल. महापालिकेकडून झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. सामना पाहून घरी आल्यावर तेवढे काम करावे. कायमचे वाटणारे मैदान पुढच्या चैत्रात खोदकामाचा खड्डा झालेले मी पाहिले आहे.

हे सर्व नव्या उपनगरांपुरतेच आहे असेही नाही. पेठांमध्ये जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, आणि मुले परदेशी गेलेली ज्येष्ठ मंडळी तिकडे परतू पाहत आहेत. माझ्या एका शाळासोबत्याने त्यासाठी वसंत व्याख्यानमालेचा उपयोग केला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली ही व्याख्यानमाला एप्रिल-मे महिन्यांत टिळक स्मारक मंदिरात होते. तो आठ दिवस रोज दुचाकीने व्याख्यानाला गेला, व्याख्यान संपल्यावर मनात भरलेल्या इमारतीपाशी जाई आणि तिथे गाडी लावायला जागा मिळायला किती वेळ लागतो ते मोजत असे. पाच दिवस जागा मिळालीच नाही. त्याने घर घेतले, पण दुचाकी विकून, आणि आता तो सगळीकडे चालत जातो. व्याख्याने कशी झाली ते त्याला धड सांगता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. विकासकानेच आपल्या आवारात भरवलेली आमरस-पुरीची पंगत किंवा संगीत संध्या या प्रकारात मोडत नाही. तिथे शेजारी नसतात, खरेदीदारच एकमेकांना भेटतात. तसेच वस्ती पाहायला जाताना "कोणते लोक राहतात" हे हेरण्याचा जो एक छुपा हेतू आपल्याकडे अनेकांच्या मनात असतो, त्यासाठी माझ्या सूचनेचा आधार कोणी घेऊ नये. जात, धर्म किंवा ताटातले अन्न पाहून शेजार निवडणाऱ्यांनी शहरातल्या कित्येक इमारतींमध्ये भाडेकरूंना दारे बंद केली आहेत. आम्ही पाहत होतो ते पाणी, रस्ते, आवाज, सावली, आणि अनोळखी माणसाने पत्ता विचारला तर कोणी नीट सांगते का एवढेच.

आता आपल्याकडे विनंती. आपल्या दैनिकातील "आजचे कार्यक्रम" या सदरात मध्यवर्ती पुण्यातल्या सभागृहांचे कार्यक्रम नियमाने येतात, पण उपनगरांतल्या आणि समाविष्ट गावांतल्या जत्रा, बालशिबिरांचे समारोप, सोसायट्यांच्या एकत्रित व्याख्यानमाला यांची माहिती दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रातूनच कळते. पाडवा ते मृग नक्षत्र या काळात तरी वास्तुविषयक पुरवणीत विभागवार असे एक लहानसे सदर सुरू करावे. त्यात ठिकाण, वेळ आणि तिथवर जाणाऱ्या पीएमपीच्या बसचा क्रमांक एवढे छापले तरी पुरे. पहिला वळीव पडल्यानंतर कोणत्या भागात कुठे पाणी तुंबले याची आपण देता ती बातमी त्याच पानावर आली तर आणखी उत्तम. गेल्या उन्हाळ्यात आम्ही पाच वस्त्या पाहिल्या आणि त्यांतल्या तीन वगळल्या. उरलेल्या दोनांपैकी एका गावची जत्रा येत्या चैत्र पौर्णिमेला आहे, आणि तिथून परतीची शेवटची बस किती वाजता सुटते हे मला अजून कोणाकडून कळलेले नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
पुणे